पाच सेंटचं लाल

सिप्रियन तुस्कानोनं आयुष्यात एकच मोठी चूक केली, आणि ती त्याला इतकी मानवली की दुरुस्त करायचं त्याच्या मनात कधी आलंच नाही.

वसईजवळ निर्मळला बापाची वाडी होती. राजेळी केळी, पानवेल, चार वाफे मोगरा. पण सिप्रियनला चिखलाचं वावडं. म्हणून तो इंग्रजी शिकला आणि मुंबईला, फोर्टात, परदेशातून प्लायवूड मागवणाऱ्या एका कंपनीत कारकून म्हणून चिकटला. टपाल फोडायचं काम त्याच्याकडे होतं. एकोणीसशे तीसच्या सुमाराला एका लठ्ठ पाकिटावर त्याला एक तिकीट दिसलं. ढालीवर एकाखाली एक तीन सिंह, आणि रोमन लिपीत पाच अक्षरं: ई, ई, एस, टी, आय.

आता आपल्याकडचे पुष्कळ ख्रिस्ती लोक कागदोपत्री स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. सिप्रियनही म्हणवायचा. त्यानं ती अक्षरं सरळ 'ईस्ट आय.' अशी वाचली, म्हणजे ईस्ट इंडियन. दुसऱ्या ईच्या जागी खरं तर ए हवा होता, पण छापखान्यात एवढं चालायचंच. कुठेतरी आपल्या लोकांचं स्वतःचं राज्य आहे, त्यांची स्वतःची टपालतिकिटं आहेत, आणि त्यांच्यावर विलायतच्या राजाचं डोकं नसून सिंह आहेत, एवढा मोठा शोध त्याला एका पाकिटाच्या कोपऱ्यात लागला. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर त्यानं तो सगळ्या गावाला सांगितला.

सोमवारी त्यानं तो साहेबालाही सांगितला. साहेब खोकला येईपर्यंत हसला. मग त्यानं भिंतीवरच्या नकाशात, पार वर, बर्फाजवळ, नखाएवढा एक देश दाखवला. एस्टोनिया. बाल्टिक समुद्राच्या काठचा. तिथले लोक आपल्या देशाला आपल्या भाषेत ईस्टी म्हणतात. वसई-निर्मळशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

सिप्रियन गावात सगळं खरं सांगायचं असं ठरवूनच संध्याकाळी गाडीतून उतरला. पण वसई स्टेशनाबाहेर टांगेवाल्यानंच विचारलं, "तुमच्या त्या ईस्टी राजाला पोरंबाळं किती?" टांग्यात आणखी दोघं कान देऊन बसलेले. आदल्या दिवसापर्यंत ज्याच्यासाठी कुणी जरा सरकलंही नसतं, त्याला आज टांगेवाल्याशेजारची जागा मिळाली होती. सिप्रियन म्हणाला, "तिथं राजा नाही. लोकांचं राज्य आहे." हे खरंच होतं. बाकीचं उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं, आणि ते उद्या पुढची अठरा वर्षं काही उजाडलं नाही.

तेव्हापासून तो ती तिकिटं जमवायला लागला. आधी अब्रू राखायला, मग नाद म्हणून. त्यातही त्याचा एक हट्ट होता. कुठल्याही देशाची तिकिटं दोन तऱ्हेची असतात. एक सणासुदीची: पुतळे, पूल, जयंत्या. ती सुंदर असतात आणि थोड्या दिवसांत संपतात. दुसरी रोजची: तेच चित्र, फक्त रंग आणि किंमत वेगळी, वर्षानुवर्षं लोक चाटून चिकटवतात आणि बघतसुद्धा नाहीत. सिप्रियनला रोजचीच हवी होती. तीन सिंहांची सगळी माळ त्यानं अल्बमच्या एका पानावर लावली. प्रत्येक तिकीट चिमट्यानं उचललेलं, भिंगाखाली कडेचे दाते मोजलेले. फक्त एक चौकोन रिकामा राहिला, पाच सेंटचं लाल. ते त्यांच्याकडे साध्या पोस्टकार्डाला लागायचं. कंपनीला कोण पोस्टकार्ड पाठवणार? परदेशच्या पाकिटांवर जड किमतीची तिकिटं येत, ते लाल काही येईना.

तशात चाळीस साल उजाडलं आणि रशियानं तो देशच गिळला. पेपरात कोपऱ्यात दोन ओळी आल्या. तिकिटं छापणारेच गेले, आता पाच सेंटचं लाल कुठून यायचं, या दुःखानं सिप्रियन दोन दिवस जेवला नाही. गावानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. शेजारची फूलवाली धोंडूबाई पदराखाली पांढऱ्या मोगऱ्याची पुडी घेऊन आली आणि ओट्यावर टेकली. "सिप्रीभाऊ, तुमचं राज गेलं म्हनं. आयकून लय वाईट वाटलं." सिप्रियननं पुडी घेतली आणि मान खाली घातली. सुतक नसलेला माणूस यापेक्षा जास्त काय करणार.

त्याची बायको फ्लोरा मात्र या सगळ्यापासून चार हात लांब होती. ती वाडी बघायची, केळी वाळवून सुकेळी करायची, आणि अल्बमला 'तुमचा देव्हारा' म्हणायची. सिप्रियन ऑफिसात गेल्यापासून घरातही छापील मराठी बोलत असे. फ्लोरा आपल्या गावच्याच बोलीत उत्तर देई, आणि गेली पंचवीस वर्षं दोघांचं त्यावर कधी एकमत झालं नव्हतं.

अठ्ठेचाळीस सालच्या डिसेंबरात फादर आलोशियस त्यांच्या दारात टांग्यातून उतरले, आणि त्यांच्या मागून एक ताडमाड, गवती केसांचा, खंगलेला गोरा माणूस उतरला.

"सिप्रियन, ओळखा पाहू," फादर म्हणाले. ते गोव्याहून नुकतेच इकडे आले होते आणि गावानं त्यांना जे सांगितलं ते त्यांनी भाविकपणे ऐकलं होतं. "तुमच्या ईस्टीचा माणूस. मुंबईच्या इस्पितळात सापडला मला. खलाशी आहे. न्यूमोनियानं पडला आणि जहाज पुढं गेलं. देशच उरला नाही, म्हणून परतही जाता येत नाही. आठवड्यानं ऑस्ट्रेलियाची बोट आहे. म्हटलं, तोवर परक्यांत कशाला ठेवायचा, त्याच्या रक्ताची माणसं इथं असताना?" आणि माणूस ओट्यावर सोडून फादर तपसाधनेसाठी मुंबईला निघून गेले.

सिप्रियनच्या पायाखालची जमीन सरकली. माणसाचं नाव आर्वो होतं आणि त्याला जहाजावरचं मोडकं इंग्रजी येत होतं. गावात इंग्रजी येणारे उरले एक सिप्रियनच. त्याची अठरा वर्षांची अब्रू आता त्याच्याच जिभेवर होती, आणि हे एका अर्थी बरंच झालं.

संध्याकाळपर्यंत ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आर्वो हे 'आल्वारो'च असणार, तिकडच्या थंडीत जीभ आखडते, असं पहिल्या पाच मिनिटांत ठरलं. आल्वारो म्हणजे आपल्यातलंच नाव. मग नवीन सरकारचं दीड आण्याचं तिकीट कुणीतरी आणलं, त्याच्यावर अशोकाचे तीन सिंह. "बगा, त्यांचे पन तीन, आपले पन तीन," असं म्हणून ते हातोहात फिरलं. सिप्रियन मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करत होता.

धोंडूबाई म्हणाली, "इचारा त्याला, त्यांच्यात लगनाला नवरी कोनता रंग नेसते?"

सिप्रियननं इंग्रजीत विचारलं, "तुमच्या देशात थंडी फार असते का, असं या विचारतात."

आर्वो म्हणाला की फार असते, समुद्र गोठतो, आम्ही त्याच्यावरून चालत जातो.

"पांढरा म्हणतो," सिप्रियननं सांगितलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आपल्यासारखाच.

रविवारी त्याला मिस्साला नेलं. तो प्रॉटेस्टंट. सगळे गुडघ्यावर बसले की हा उभा, सगळे उभे की हा बसलेला. "त्यांच्यात रीत वेगळी हाय," मागच्या बाकावर निकाल लागला, आणि त्यानं कुणाचंच काही बिघडलं नाही.

"ही माणसं माझ्यावर इतकी माया का करतात?" आर्वोनं एकदा सिप्रियनला विचारलं.

"तुमच्या देशाच्या तिकिटांमुळे," सिप्रियन म्हणाला. आठवड्याभरातलं त्याचं हे एकमेव खरं वाक्य.

या सगळ्यात एक गोष्ट सिप्रियनच्या लक्षात येत होती, पण तिचा उलगडा होत नव्हता. फ्लोराला 'आल्वारो' म्हणणं जमेना. तिनं पहिल्या दिवसापासून त्याला पोरग म्हणायला सुरुवात केली. "पोरग, जेवाला ये." "पोरग, अंगावर काय तरी घे." आणि तिनं 'पोरग' म्हटलं की तो हातातलं टाकून असा वळायचा की जणू कुणी दोरीनं ओढला. इतर कुणी कितीही हाका मारल्या तरी नाही. जेवायची हाक ओळखायला शिकला असेल, सिप्रियननं मनाशी म्हटलं. पुढं तोही फ्लोराला 'एमा' म्हणायला लागला. धोंडूबाईनं ते ऐकलं आणि साऱ्या आळीत सांगितलं, "'ए मा' म्हनतो. आपलीच भाषा हाय, जरा लांबून आलेली." सिप्रियन हसला. अडाणी लोक, त्यानं मनात म्हटलं, आणि त्यांना अडाणी कुणी ठेवलं हा प्रश्न त्याला त्या वेळी पडला नाही.

चौथ्या दिवशी त्यानं अल्बम काढला.

खरं तर याच घटकेची तो वाट बघत होता. उभ्या आयुष्यात त्याचा संग्रह समजणारा माणूस त्याला भेटला नव्हता. त्यानं टेबल पुसलं, भिंग ठेवलं, चिमटा ठेवला, आणि तीन सिंहांचं पान उघडलं. आता हा रंगछटांबद्दल बोलेल, दाते बघेल, शिक्क्यांवरच्या तारखा वाचेल.

आर्वोनं भिंगाला हातही लावला नाही. तो एकेका तिकिटावर बोट ठेवून सांगायला लागला. हे असलं आम्ही भाडं पाठवताना लावायचो. हे भाऊ सैन्यात होता तेव्हा त्याच्या पत्रांवर यायचं. हे हिरवं, नाताळच्या शुभेच्छांना. सिप्रियन हुं हुं करत होता. फ्लोरा दाराशी सुपात तांदूळ निवडत होती, तिनं विचारलं, "काय सांगतो?"

"रंगांची नावं सांगतो," सिप्रियन म्हणाला.

आर्वोचं बोट फिरत फिरत रिकाम्या चौकोनावर थांबलं. "पाच सेंट," तो म्हणाला. "पोस्टकार्डाचं." त्यानं सदऱ्याच्या आतून मेणकापडाची एक घडी काढली आणि त्यातून एक कार्ड, कडा झिजलेलं. ते त्यानं टेबलावर ठेवलं, पत्त्याची बाजू वर. त्याच्या उजव्या कोपऱ्यात ते होतं. लाल. दाते सगळे शाबूत, शिक्का फक्त कोपऱ्यावर, हलका.

सिप्रियनचा हात चिमट्याकडे गेला आणि त्यानं तो मांडीखाली दाबून धरला.

आईचं शेवटचं पत्र, आर्वो म्हणाला. एकोणचाळीस सालचं. शेवटच्या सफरीला निघालो तेव्हा बंदरावर मिळालं. पुढं युद्ध लागलं, मग रशियन आले. ती आहे की नाही तेही माहीत नाही. त्यानं कार्ड परत घडीत ठेवलं.

त्या दिवसापासून निर्मळमध्ये पाहुणचाराचा कळस झाला. सिप्रियननं स्वतःची खाट आर्वोला दिली. स्वतः राजोडीच्या किनाऱ्यावर जाऊन ताजा पापलेट आणला. स्वतःच्या हातानं त्याच्या पाठीला तेल चोळलं. गावानं बघितलं आणि गाव गहिवरलं. फ्लोरानंही बघितलं. "माजा भाव वर्सातून एकदा येतो," ती म्हणाली, "त्याला कदी चा नाय इचारला. ह्याला पापलेट." सिप्रियन म्हणाला, "फ्लोरा, रक्ताचं नातं आहे." हे बोलताना त्याला जराही अडखळायला झालं नाही. इतक्या वर्षांचा सराव होता.

मग त्यानं आडून आडून सुरुवात केली. माझ्याकडे दुबार तिकिटं आहेत, अदलाबदल करू. आर्वो हसला. तिकिटं घेऊन मी काय करू, ती लावायला टपाल कुठं आहे? मग सिप्रियन म्हणाला की ओल्या हवेत कागद सडतो, अल्बमात नीट राहील. मग म्हणाला की संग्रह म्हणजे एक प्रकारे तुमच्या देशाचं स्मारकच आहे, आणि स्मारकाला भोक शोभत नाही. हे शेवटचं वाक्य त्यानं दोनदा म्हटलं. त्या रात्री आर्वो नीट जेवला नाही एवढं फ्लोराला दिसलं.

निघायच्या दिवशी सकाळी ओट्यावर सगळे जमलेले असताना आर्वोनं खुणेनं फ्लोराकडे कात्री मागितली. तिला वाटलं नखं कापायची असतील. त्यानं मेणकापड उलगडलं, कार्ड काढलं, आणि कुणाला काही कळायच्या आत तिकिटाचा कोपरा चौकोनी कापून सिप्रियनच्या तळहातावर ठेवला.

"तुम्ही माझा सगळा देश घरात सांभाळलात," तो म्हणाला. "एक घर रिकामं बरं दिसत नाही. मागच्या बाजूला एकच शब्द गेला आहे, पहिला. आई मला हाक मारते तो. तो मला पाठ आहे."

पोस्टकार्डाची हीच तर गोम असते. एका बाजूला तिकीट जिथं लागतं, त्याच्या बरोबर पाठीशी मजकुराची सुरुवात येते. सिप्रियनला हे कुणी सांगायची गरज नव्हती. कार्ड टेबलावर आलं तेव्हाच त्याला ते दिसलं होतं, आणि त्यानं ते बघायचं नाही असं ठरवलं होतं.

"काय म्हनला?" फ्लोरानं विचारलं.

"मागं काही महत्त्वाचं नाही म्हणतो," सिप्रियननं सांगितलं, आणि मूठ मिटली.

टांगा आला. कुणी सुकेळी दिली, कुणी लोणचं. धोंडूबाईनं त्याच्या सदऱ्याला अबोली खोचली. सिप्रियननं घाईघाईनं हात मिळवला. त्याला आता टांगा लवकर हलायला हवा होता. टांगा वळणाशी पोचला तेव्हा फ्लोरा फाटकापर्यंत गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "पोरग, संबालून जा."

आर्वोनं टांगा थांबवला. तो खाली उतरला, इतका मोठा माणूस, आणि चालत परत आला. त्यानं वाकून आपलं कपाळ फ्लोराच्या खांद्याला लावलं. "एमा," तो म्हणाला. मग परत जाऊन बसला. धोंडूबाई डोळे पुसत म्हणाली, "आपलाच हुता. उगाच नाय कोन वलत."

सिप्रियन तोवर आत होता. त्यानं पांढरी चिनीमातीची बशी काढली, बावखलातून, वाडीच्या तळ्यातून, तांब्याभर निवळ पाणी आणलं, टिपकागद मांडला. तिकीट कार्डावरून उचकटायचं नसतं, भिजवून आपोआप सुटू द्यायचं असतं. त्यात घाई केली की दाते तुटतात. त्यानं तुकडा लाल बाजू खाली करून अलगद पाण्यात सोडला आणि खुर्ची ओढून बसला. हे त्याचं सगळ्यात आवडतं काम.

कार्ड पाणी प्यायला लागलं. पाठीवरची अक्षरं जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिली होती. ओली झाल्यावर ती एकदम गडद झाली, नुकतीच लिहिल्यासारखी. पी, ओ, ई, जी. सिप्रियनला त्यांची भाषा येत नव्हती. अठरा वर्षांत ती शिकावी असं त्याला वाटलं नव्हतं. तिकिटावरच्या अक्षरांशीच त्याचं काम होतं. पण अक्षरं दिसली की वाचायची, ही कारकुनाची सवय. आईनं मारलेली हाक, तो म्हणाला होता. सिप्रियननं ओठ हलवले. पो. एग. मग जरा मोठ्यानं, पुन्हा एकदा, एकत्र.

"पोएग."

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. फ्लोरा धावत बाहेर आली, ओल्या हातांनी, त्याच्याकडे न बघता सरळ दारापर्यंत गेली आणि रस्त्यावर पाहू लागली. "आला? काय इसरला? कुटं हाय पोरग?"

सिप्रियनला आठवड्यातली एकेक हाक आठवत होती, आणि दर हाकेला वळलेली ती मान.

रस्त्यावर कुणी नव्हतं. फ्लोरा परत आली आणि टेबलाशी उभी राहिली. "तुमी हाक मारली ना आता त्याला?"

"मी वाचलं," सिप्रियन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "ह्याच्यावर लिवलं हुतं. त्याच्या आयनं. त्यांच्यात पोराला तसंच म्हनतात."

लग्नापासून तो तिच्याशी तिच्या बोलीत बोलला नव्हता. फ्लोरानं बशीत वाकून पाहिलं. अक्षरं विरघळली होती. जांभळा रंग धाग्याधाग्यानं पाण्यात पसरत होता, आणि त्याच्या तळाशी पाच सेंटचं लाल सुटून पडलं होतं, स्वच्छ, एकही दाता न दुखावलेलं. सिप्रियननं ते चिमट्यानं उचलून टिपकागदावर ठेवलं. आता पानावर एकही चौकोन रिकामा राहणार नव्हता.

"कुटं लिवलंय?" फ्लोरानं विचारलं. "मना तर काय दिसत नाय."

त्यानं बशीकडे बोट केलं.

फ्लोरानं सवयीनं बशी उचलायला हात घातला, रोजच्यासारखं ते पाणी मोगऱ्याच्या वाफ्यात ओतायला.

"नको," सिप्रियन म्हणाला. "ऱ्हावं दे."